उपचारांचाही हिशेब हवा!

विहाराच्या वार्षिक सभेत कोषाध्यक्ष वही उघडून जमाखर्च वाचू लागले की मागच्या रांगेतून एखादा तरुण हमखास उठतो. ‘जयंतीच्या मंडपाची पावती दाखवा,’ असे तो म्हणतो. चार वडीलधारी मंडळी वळून त्याच्याकडे बघतात, कोणी ‘बस रे खाली’ असेही म्हणतो. पण पावती काढून दाखवावीच लागते. यात कोषाध्यक्षांचा अपमान नाही. पैसा घराघरांतून वर्गणीने जमलेला असतो, म्हणून त्याचा हिशेब सर्वांसमोर द्यायचा असतो.

पैशाचा हिशेब मागायला आपला समाज शिकला, ही चांगलीच गोष्ट झाली. पण सरकारी इस्पितळात आपल्या आईवर, बहिणीवर, लेकरावर जे उपचार होतात, त्यांचा हिशेब कोण ठेवतो? डॉक्टर पेशंटला तपासतो हे आपण जाणतो. डॉक्टरच्या कामाला कोण तपासतो? हा प्रश्न आज आम्ही या कौटुंबिक पानावर घेत आहोत. तो मुद्दाम आपल्या समाजातील तरुण डॉक्टरांसाठी आणि त्यांच्या आईवडिलांसाठी घेत आहोत.

‘तू डॉक्टर झालीस की कारकून?’

पूर्वी वस्तीतला एखादा मुलगा मेडिकलला लागला तर साऱ्या तालुक्यात त्याचे सत्कार होत. आज आपल्या अनेक घरांतून मुले आणि मुलीसुद्धा इंटर्न म्हणून, निवासी डॉक्टर म्हणून मोठमोठ्या इस्पितळांत रात्रंदिवस राबत आहेत. अशी एखादी लेक महिन्यातून एकदा घरी येते. आईने तिच्या आवडीचे रांधलेले असते. आणि ती म्हणते, ‘आई, मला लवकर निघायचंय. रेकॉर्ड रूममधून चाळीस केसपेपर काढायचेत. ऑडिट आहे.’ आईला वाटते, पोटाला चिमटा घेऊन शिकवले ते जुने कागद चाळायला की काय! ‘अगं, तू डॉक्टर झालीस की कारकून?’ असे ती विचारते.

त्या माउलीला आमचे सांगणे आहे की, बाई, ही कारकुनी नव्हे. तुमची लेक करते आहे ते डॉक्टरकीतले फार मोलाचे काम आहे. त्याला ‘क्लिनिकल ऑडिट’ म्हणतात. साध्या मराठीत सांगायचे तर ती उपचारांची हिशेबतपासणी आहे.

ती कशी करतात, हे एका उदाहरणाने पाहू. सिझेरियनची शस्त्रक्रिया करताना जखमेत पू होऊ नये म्हणून प्रतिजैविकाचे इंजेक्शन देतात. ते चीर देण्यापूर्वीच्या तासाभरात द्यावे, असा निकष समजा त्या विभागाने स्वीकारला आहे. आता प्रश्न असा की आपल्या वॉर्डात प्रत्यक्षात तसे होते का? इंटर्न आणि निवासी डॉक्टर मागचे ४० केसपेपर काढतात. समजा, त्यांतल्या २६ जणींना इंजेक्शन वेळेवर मिळाले आणि १४ जणींना मिळाले नाही, किंवा मिळाले की नाही याची नोंदच नाही. मग कारण शोधायचे. इंजेक्शन वॉर्डातल्या कपाटात आणि पेशंट ऑपरेशन थिएटरात, असे तर होत नाही? रात्रीच्या वेळी कपाटाची किल्ली कोणाकडे असते? कारण सापडले की उपाय करायचा. इंजेक्शन थिएटरातच ठेवायचे आणि कागदावर वेळ लिहिण्यासाठी वेगळा रकाना आखायचा. तीन महिन्यांनी पुन्हा ४० केसपेपर काढून मोजायचे. २६ चे ३८ झाले तर उपाय लागू पडला. झाले नाहीत तर पुन्हा विचार करायचा.

निकष, मोजणी, उपाय आणि पुन्हा मोजणी, एवढे हे चक्र आहे. कोणते औषध चांगले, हे संशोधन शोधते. जे चांगले म्हणून ठरले आहे ते आपल्या पेशंटपर्यंत पोहोचते की नाही, हे ऑडिट शोधते. आपल्या गोरगरीब बांधवांच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच मोठा आहे. खाजगी इस्पितळातल्या पैसेवाल्याचे नातेवाईक दहा प्रश्न विचारतात. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या वतीने प्रश्न विचारणारा कोणी नसतो. तिच्या वतीने तो केसपेपरच बोलतो, पण कोणी तरी तो उघडून वाचला तर!

व्हिएन्नाचा तरुण सहायक

कनिष्ठ डॉक्टराने मोजणी केली तर काय घडू शकते, याचा दाखला इतिहासात आहे. युरोपातील व्हिएन्ना शहराच्या मोठ्या सार्वजनिक इस्पितळात गरीब बायकांच्या बाळंतपणाचे दोन विभाग होते. पहिल्या विभागात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. बायकांना एक दिवस या विभागात, तर दुसऱ्या दिवशी त्या विभागात दाखल करून घेत. दोन्हीकडे बायका सारख्याच गरीब होत्या. पण १८४६ साली पहिल्या विभागात बाळंतज्वराने शंभरातल्या ११ हून अधिक बायका दगावल्या, तर दुसऱ्या विभागात शंभराला ३ देखील नाहीत. शहरातल्या गरीब बायकांना हे ठाऊक होते. पहिल्या विभागात घालू नका म्हणून त्या रडत, हातापाया पडत. पण त्यांचे ऐकतो कोण?

त्याच वर्षी इग्नाझ सेमेलवाइस हा अठ्ठावीस वर्षांचा डॉक्टर पहिल्या विभागात प्राध्यापकांचा सहायक म्हणून लागला. मृत्यूंचे आकडे इस्पितळाच्या वहीत होतेच. त्याने ते समोर मांडून विचारले, हा फरक का? गर्दी, हवा, बाळंतिणीला निजवण्याची पद्धत, असे एकेक कारण त्याने पडताळून बाजूला सारले. १८४७ च्या मार्च महिन्यात त्याचा एक डॉक्टर मित्र वारला. शवविच्छेदन करताना सुरीची जखम होऊन त्याला विषबाधा झाली होती, आणि त्याच्या देहात दिसलेली लक्षणे बाळंतिणींच्या देहात दिसणाऱ्या लक्षणांसारखीच होती. सेमेलवाइसच्या डोक्यात प्रकाश पडला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेते फाडत आणि तेच हात घेऊन बाळंतिणींना तपासायला येत. सुईणी प्रेतांना हात लावत नसत.

मेच्या मध्यापासून त्याने नियम केला की क्लोरीनच्या पाण्याने हात धुतल्याखेरीज कोणी बाळंतिणीला शिवायचे नाही. एप्रिलमध्ये शंभराला १८ बायका मेल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण जेमतेम २ वर आले. १८४८ साली दोन्ही विभागांत मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखे होऊन शंभराला दीडच्याही खाली गेले, आणि त्या वर्षी दोन महिने तर असे गेले की पहिल्या विभागात एकही बाळंतीण दगावली नाही.

यात आम्हाला सर्वांत मोठी वाटते ती ही गोष्ट की त्याची मोजणी त्याच्या स्वतःवरच येऊन ठेपली. तोही रोज सकाळी शवविच्छेदन करत होता. आपल्याच हातांनी किती बायकांना मृत्यूच्या दारी नेले याची गणती नाही, हे त्याने १८६१ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मान्य केले. हिशेब खरा असेल तर तो हिशेब मांडणाऱ्यालाही सोडत नाही.

त्याला बक्षीस काय मिळाले? १८४९ साली त्याची मुदत संपली तेव्हा ती वाढवून दिली गेली नाही. वरिष्ठ प्राध्यापकांना त्याचे म्हणणे पटले नव्हते. त्यानेही आपले काम सविस्तर छापायला फार वर्षे लावली आणि पुढे विरोधकांना अतिशय कडवट पत्रे लिहिली. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात त्याचा अंत झाला. आकडे त्याच्या बाजूने होते, पण ते ऐकून घेणारी व्यवस्था त्याच्या बाजूने नव्हती.

हिशेबाने कनिष्ठांनाही वाचवले

ऑडिट म्हणजे कनिष्ठ डॉक्टरच्या गळ्यातला फास, असाही समज आहे. तो चुकीचा आहे. इंग्लंडमध्ये शस्त्रक्रियेनंतर होणाऱ्या मृत्यूंची गोपनीय पाहणी झाली आणि तिचा अहवाल १९८७ साली आला. तीन विभागांतील सुमारे पाच लाख शस्त्रक्रिया त्यात आल्या होत्या. डॉक्टरांनी आपली नावे बाहेर येणार नाहीत या विश्वासावर माहिती दिली होती. त्यातून दिसले की काही ठिकाणी शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीशिवाय, त्यांना न विचारता अवघड शस्त्रक्रिया करत होते. वरवर बघणारा म्हणेल, पोरांनी चूक केली. पण हिशेबाने खरा प्रश्न विचारला की रात्री त्या पोराला एकटे कोणी सोडले? पुढे तातडीच्या शस्त्रक्रिया शक्यतो दिवसा, वरिष्ठ हजर असताना कराव्यात आणि त्यासाठी थिएटर राखून ठेवावे, हा आग्रह धरला गेला. म्हणजे हिशेबाने पेशंट वाचला आणि कनिष्ठ डॉक्टरही वाचला.

१९८९ साली ब्रिटिश सरकारने आरोग्यसेवेच्या सुधारणेची श्वेतपत्रिका काढली आणि प्रत्येक डॉक्टराने अशा तपासणीत भाग घ्यावा असे ठरवले. तेव्हापासून तिकडे ऑडिट हा कनिष्ठ डॉक्टरांच्या शिक्षणाचा भाग झाला. आपल्याकडची मुले तिकडे नोकरीला जातात तेव्हा मुलाखतीत ‘तुम्ही कोणते ऑडिट केले?’ हा प्रश्न त्यांनाही येतो.

पण तिकडचा एक दोषही आपण ध्यानात ठेवावा. तिथे कनिष्ठ डॉक्टर साधारणतः चार चार महिन्यांनी विभाग बदलतो. पहिली मोजणी होते, प्रमाणपत्र मिळते, डॉक्टर पुढच्या विभागात जातो आणि दुसरी मोजणी राहून जाते. जमाखर्च वाचला, पण पुढच्या वर्षी सुधारणा झाली का हे कोणी पाहिलेच नाही, तर त्या वाचनाला काय अर्थ? आपल्याकडचा इंटर्न तर एका विभागात काही आठवडेच असतो. म्हणून आमचे सांगणे आहे की जाताना वही पुढच्याच्या हातात देऊन जावे. ऑडिट एका डॉक्टरचे नसावे, वॉर्डाचे असावे.

बाबासाहेबांनी हिशेबाला दिलेले स्थान

परमपूज्य बाबासाहेब मुळात अर्थशास्त्राचे पंडित. हिशेबाचे मोल त्यांच्याइतके कोणी जाणले? १९४९ साली संविधान सभेत बोलताना त्यांनी महालेखापरीक्षक हा बहुधा संविधानातील सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत मांडले होते. त्याला सरकारच्या दबावापासून मोकळे ठेवले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. म्हणूनच संविधानाच्या १४८ व्या कलमानुसार त्याला पदावरून दूर करणे हे सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला दूर करण्याइतकेच कठीण आहे. हिशेब तपासणाऱ्याच्या मानेवर सुरी असेल तर हिशेब खरा निघत नाही, हे बाबासाहेबांनी ओळखले होते. आणि बाळंतिणींचा प्रश्नही त्यांना परका नव्हता. १९२८ सालीच मुंबईच्या विधिमंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला होता.

आज आपल्या देशात मातामृत्यूंचा हिशेब ठेवण्याची रीत आहे. २०१० साली केंद्र सरकारने प्रत्येक मातामृत्यूची छाननी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१७ साली ती नव्याने मांडली. इस्पितळात माता दगावली तर ड्यूटीवरच्या डॉक्टराने ताबडतोब कळवायचे असते. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्तरावर होणाऱ्या आढाव्यात मृत मातेच्या नातेवाईकांचे म्हणणेही ऐकून घ्यावे, अशी त्यात तरतूद आहे. आपल्या किती कुटुंबांना हे ठाऊक आहे? रक्त मिळायला किती वेळ लागला, गाडी कुठे अडली, कोणत्या इस्पितळाने पुढे पाठवले, हे घरच्या माणसाइतके कोणालाच माहीत नसते. म्हणून कागदपत्रे, डिस्चार्ज कार्ड, पुढे पाठवल्याची चिठ्ठी फेकून देऊ नका. देशात २०१४-१६ या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे १३० माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा ९७ वर आला, महाराष्ट्रात तर ३३ वर. आकडा उतरला याचा आनंद आहेच. पण त्या ३३ मधली प्रत्येक जण कोणाची तरी आई होती, आणि तिचा केसपेपर कोणी तरी नीट वाचायला हवा.

भीती खरी आहे

आता आईवडिलांच्या मनातली गोष्ट बोलू. ‘बाळा, तू गप्प रहा. डिग्री घे आणि बाहेर पड.’ हे वाक्य आपल्या घरांतून निघते, ते भित्रेपणाने नव्हे, अनुभवाने निघते. परीक्षेचे गुण, सह्या, ड्यूटीची पाळी हे सारे वरिष्ठांच्या हाती असते. २०१९ साली मुंबईत डॉ. पायल तडवी या आदिवासी निवासी डॉक्टरचा मृत्यू झाला. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप तिच्या कुटुंबाने केला. ती बातमी वाचून आपल्या किती माउलींनी रात्री वसतिगृहात फोन लावून लेकीचा आवाज ऐकला असेल! महालेखापरीक्षकाला संविधानाचे कवच आहे. वॉर्डातल्या निवासी डॉक्टरला कोणते कवच आहे?

म्हणून ‘मुलांनो, निर्भय व्हा’ एवढेच लिहून आम्ही मोकळे होऊ शकत नाही. काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. निकष आधी लेखी ठरवून घ्यावा आणि त्याला विभागप्रमुखांची संमती घ्यावी. मग निघालेला आकडा तुमचा एकट्याचा राहत नाही, विभागाचा होतो. ऑडिट एकट्याने करू नये. दोन सहकारी आणि वॉर्डाच्या सिस्टर यांना बरोबर घ्यावे. किल्ली कोणाकडे असते हे सिस्टरच सांगू शकतात. तक्त्यात पेशंटचे नाव लिहू नये, डॉक्टरचेही लिहू नये. कोणी चुकले यापेक्षा कुठे अडले ते शोधावे. केसपेपर वॉर्डाबाहेर नेऊ नये, मोबाईलवर त्याचे फोटो काढू नयेत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागाहून खोटी वेळ भरून आकडा सुंदर करू नये, कोणी सांगितले तरी. जिथे उघड हलगर्जीपणा झाला तिथे तक्रारीचा आणि कायद्याचा मार्ग वेगळा आहे, तो ऑडिटने बंद होत नाही.

आणि आता वरिष्ठांसाठी दोन शब्द. आपल्याच समाजातील कितीतरी जण आज प्राध्यापक आहेत, विभागप्रमुख आहेत, जिल्हा शल्यचिकित्सक आहेत. त्यांना आमची विनंती आहे की कनिष्ठाने आकडा समोर ठेवला तर ‘तू कोण विचारणारा?’ असे म्हणू नका. हा प्रश्न आपण सर्वांनी आपापल्या आयुष्यात ऐकलेला आहे. पहिले ऑडिट स्वतःच्या युनिटचे करा म्हणून सांगा आणि ते सर्वांसमोर वाचू द्या.

प्रवारणेचा धडा

हे काही परदेशातून उसने आणलेले नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपण वर्षावास पाळतो, विहारात धम्मग्रंथाचे वाचन करतो. वर्षावासाच्या अखेरीस भिक्खू संघात प्रवारणा होते. माझ्या वागण्यात कोणाला काही दोष दिसला असेल, ऐकू आला असेल किंवा शंका आली असेल तर मला सांगावे, मी तो सुधारीन, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. आणि ही विनंती प्रथम ज्येष्ठ भिक्खू करतात, नवखे त्यांच्यानंतर. श्रावस्तीच्या पूर्वारामात तर खुद्द तथागतांनी पाचशे भिक्खूंसमोर आपल्या वागण्याबोलण्यात काही उणे दिसले का, असे विचारल्याचे सुत्तात सांगितले आहे.

ज्याला विचारण्याची कोणाची छाती झाली नसती, त्यानेच आधी विचारले. मग लहानाला बोलायला भीती कसली? इस्पितळातल्या ऑडिटचे सारे मर्म यात आहे. हिशेब कनिष्ठाने मांडावा, पण ‘माझा हिशेब मांड’ हे वरिष्ठाने आधी म्हणावे.

तेव्हा लेक पुन्हा म्हणाली की रेकॉर्ड रूममध्ये जायचे आहे, तर तिला अडवू नका. डबा भरून द्या. आणि संध्याकाळी फोन करून एवढेच विचारा, ‘मागच्या वेळी मोजलेले पुन्हा मोजलेस का गं?’